शिधा मिळाला, स्वयंपाकाचे काय?

अंतराळात कार्बनचे एखादे संयुग सापडले की ‘पृथ्वीबाहेर जीवसृष्टी?’ हा मथळा ठरलेला. शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की जबाबदारी संपते. खरे तर जे सापडले आहे तेच थक्क करणारे आहे. त्याला फोडणी देण्याची गरज नाही.

युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘रोझेटा’ यान २०१४ मध्ये ‘६७पी’ या धूमकेतूपाशी पोहोचले आणि दोन वर्षे त्याच्यासोबत फिरले. धूमकेतूभोवतीच्या विरळ वायूत त्याला ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल आणि फॉस्फरस आढळला. ‘नासा’च्या यानाने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरची माती पृथ्वीवर आणली. सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात त्यांपैकी १४ तिच्यात निघाली. डीएनए आणि आरएनएची ‘अक्षरे’ असलेली पाचही संयुगे मिळाली.

म्हणजे जीवनाचा शिधा आकाशातून येऊ शकतो. पण शिधा आला म्हणून स्वयंपाक होत नाही. बहुतेक अमिनो आम्लांची डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे असतात. सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ फक्त डावे रूप असते. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळपास समसमान आहेत. ती निर्जीव रसायनक्रियेतून तयार झाल्याचीच ही खूण.

हा शिधा पोहोचवण्यात गुरूसारख्या महाकाय ग्रहांचा हात आहे. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा गुरू पृथ्वीची ढाल असल्याची कल्पना लोकप्रिय झाली. संगणकावरील गणिते मात्र वेगळे सांगतात: गुरू काही धूमकेतूंना सूर्यमालेबाहेर भिरकावतो, तसा काहींना पृथ्वीच्या वाटेलाही लावतो.

फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंगे याच्याही पुढे गेले. धूमकेतूंतून सूक्ष्मजीवच येतात, फ्लूच्या साथीही त्यातूनच उद्भवतात, असे त्यांनी मांडले. वैद्यकशास्त्राने ते मानले नाही. फ्लूच्या विषाणूंची वंशावळ पक्षी, डुकरे आणि माणसे यांच्यातच सापडते. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी वाद घालत बसण्यापेक्षा तपासणीचा मार्ग धरला. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करण्यात आली. दुसऱ्या खेपेला जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचे नाव दिले गेले. तरीही २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना ‘इस्रो’ने स्पष्ट केले, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

हा संयम रुग्णालयातही लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या की संसर्गाचा संशय येतो, पण जंतू कोणता हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कल्चरच्या अहवालाची वाट पाहावी लागते. जीवनाच्या उगमाबाबत तो अहवाल अजून आलेला नाही. निर्जीव रेणूंपासून स्वतःची प्रत काढणारी पहिली पेशी कशी घडली, हे कोणत्याही प्रयोगशाळेला अद्याप दाखवता आलेले नाही.

घटक आणि जीव यांतला हा फरक शाळेत आणि वर्तमानपत्रांत ठळकपणे सांगायला हवा. धूमकेतूच्या बातमीत तो ओळखणारा वाचक उद्या कर्करोगावरच्या ‘रामबाण’ औषधाची बातमी वाचतानाही विचारील: गुण कोणाला आला, उंदराला की माणसाला?