कबुतराच्या विष्ठेतली बुरशी मेंदूत कशी वाढते? प्युरिनचं गणित समजून घ्या

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद झाला. ताडपत्री, आंदोलन, उच्च न्यायालय, सगळं आपण फोनवर पाहिलं. त्यातून फॉरवर्डही फिरले, काही घाबरवणारे, काही 'काहीच होत नाही' म्हणणारे. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे आहे. कबुतरांच्या धुळीने फुफ्फुसांना होणारी अ‍ॅलर्जी हा वेगळा विषय. आज बोलूया क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या यीस्टबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात ही सर्वांत वरच्या गटात आहे.

विष्ठाच का?

पक्षी शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरिक अ‍ॅसिडच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठेतला पांढरा भाग तोच. युरिक अ‍ॅसिड हे प्युरिन कुटुंबातलं. ही बुरशी ते फोडून त्यातला नायट्रोजन वापरू शकते. म्हणजे तिच्यासाठी हा तयार डबाच.

प्युरिन आपल्यालाही लागतात. डीएनएमधली अ आणि ग ही अक्षरं, म्हणजे अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन, प्युरिनच आहेत. पेशीची बॅटरी समजला जाणारा एटीपी आणि प्रथिनं बनवताना लागणारा जीटीपी यांतही प्युरिन असतं. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनएची पूर्ण कॉपी हवी. प्युरिन नाही, तर वाढ नाही.

शरीरात गेल्यावर काय?

पेशीकडे दोन मार्ग असतात: प्युरिन स्वतः बनवणं किंवा आजूबाजूचं तयार उचलणं. मी कोड लिहितो, त्या भाषेत सांगायचं तर स्वतः लिहा किंवा लायब्ररी वापरा. पण मेंदूभोवतीच्या द्रवात तयार माल पुरेसा मिळत नाही. १९९३ मध्ये संशोधकांनी या बुरशीचं एडीई२ हे प्युरिन बनवणारं जनुक बंद केलं. अ‍ॅडेनिन दिलं की ती प्रयोगशाळेत वाढायची, पण सशांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात वाढू शकली नाही.

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटाने जीटीपीकडे जाणारी शाखा तोडली. बुरशीची वाढ मंदावली. शिवाय तिला आपल्या प्रतिकारशक्तीपासून वाचवणारं जाड आवरण आणि मेलॅनिन, दोन्ही नीट बनेनात. उंदरांना आजारी पाडण्याची तिची ताकदच गेली.

मग औषध का नाही?

अडचण इथेच आहे. बुरशीची पेशी आपल्या पेशीसारखीच चालते आणि जीटीपी बनवणारं तेच एन्झाइम आपल्यातही आहे. मायकोफेनोलेट नावाचं औषध ते रोखतं, पण ते किडनी प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात. म्हणजे ज्यांना या बुरशीचा धोका जास्त, त्यांचंच संरक्षण कमी होणार.

म्हणून शोध आहे तो दोघांच्या एन्झाइममधल्या फरकाचा. फरक सापडला की काम होतं, हे फ्लुसायटोसिनने दाखवलंय. प्युरिनच्या भावंडाची, पिरिमिडिनची, ही नक्कल. बुरशीतलं एक एन्झाइम तिचं विषात रूपांतर करतं, आणि ते एन्झाइम माणसाच्या पेशीत नसतं. आज या मेंदूज्वराच्या उपचारात हे औषध महत्त्वाचं आहे.

आपण काय करायचं?

निरोगी माणसाला हा मेंदूज्वर क्वचितच होतो आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. एचआयव्ही खूप वाढलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांनी मात्र विष्ठेपासून लांब राहावं. गॅलरीतली वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नका. आधी ओली करा, मास्क लावा, मग काढा. घरात अशी धोक्यातली व्यक्ती असेल आणि डोकेदुखी-ताप बरेच दिवस हटत नसेल, तर डॉक्टरांकडे क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणीबद्दल नक्की विचारा. रक्ताच्या एका नमुन्यावर ती होते, आणि निदान लवकर झालं तर जीव वाचू शकतो.