दोष चुलीचा, बोल घरच्यांना

नागपूरजवळच्या मिहान प्रकल्पाच्या आसपास थंडी पडली की तोच शेरा पुन्हा ऐकू येतो: एम्स आले, मेट्रो खापरीपर्यंत पोचली, घरोघरी सिलिंडर आला, तरी आंघोळीचे पाणी लाकडांवरच तापते आणि धूर होतो, सुधारित चुली देऊनही काही झाले नाही, कारण लोकांची सवयच जात नाही. यातला धुराचा मुद्दा खरा आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर जीवघेणेच. विजेच्या गिझरला स्वच्छ म्हणणाऱ्यांनी मात्र कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे एकदा पाहावे.

सवयीचा आरोप मला मुळीच मान्य नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने ऐंशीच्या दशकात सुरू केला आणि 2002 मध्ये गुंडाळला. तोवर देशात तीन कोटींवर चुली बसल्याची नोंद होती. नोंद बसवल्याची होती, टिकल्याची नव्हे. मातीच्या चुलीला भेगा पडतात, धुराड्यात काजळी धरते, ती वरचेवर खरवडावी लागते. हे काम कोणी अंगावर घेतले? चुलीचे तोंड ठरावीक मापाचे, त्यात पऱ्हाटीच्या लांब काड्या मावत नाहीत. वैलावर मोठा गुंड नीट बसला नाही की फटीतून धूर घरातच येतो. मग बाईने तोंड फोडून मोठे केले, तर अडाणी तीच! शिवाय सिलिंडरला रोख पैसे लागतात, पऱ्हाटी आणि तुराटी शेतातून येते. म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि हंडाभर पाणी सरपणावर, हा चोख हिशेब आहे. शिवणगाव, दहेगावकडच्या ज्यांची शेती मिहानमध्ये गेली, त्यांचे तर सरपणही शेतासोबत गेले. तिथे उद्या रंगवलेल्या फळ्या जळू लागल्या तर तो धूर विषारीच, पण त्यालाही सवयच म्हणणार का?

करण्याजोगे फार अवघड नाही. जुन्या तांब्याच्या बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी भोवती असते. नळी धूर वर ओढते, आच पाण्यालाच लागते. त्याला छपरापार जाणारे धुराडे जोडावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता आतले पाणी उडवण्यातच जाते आणि धूरही वाढतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा सरपण उन्हात कडक वाळवून पावसाळ्यात छपराखाली ठेवावे. दुरुस्तीला गावातलाच मिस्त्री तयार करावा आणि अनुदान चूल बसवताना न देता तिसऱ्या हिवाळ्यात ती पेटती दिसल्यावर द्यावे.