दात घासले नाहीत, की पाणीच तसं आहे?

शिक्षक मित्रहो, पालकहो, तिसरी-चौथीतल्या मुलांचे पुढचे दात एकदा नीट बघा. मी वर्षानुवर्षं बघितले आणि चुकीचा अर्थ लावला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावात मी शिकवायचो, तिथे वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पांढुरके पट्टे आणि काहींच्या दातांवर तपकिरी डाग होते. स्वच्छतेच्या तपासणीत मी त्यांना उभं करायचो. "दात घासत जा रे जरा!" मोठ्या मुलांवर तर खर्रा खाल्ल्याचा संशय. एक मुलगा तोंडावर हात धरूनच हसायचा. ती सवय त्याला माझ्यामुळेच लागली असावी. पुढे तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी दात बघून पहिला प्रश्न विचारला, "ही मुलं पाणी कुठलं पितात?"

शाळेच्या आवारातल्या हातपंपाचं! स्वच्छ, थंड, वास नाही, चवीत फरक नाही. त्यात फ्लोराइड जास्त होतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अशी गावं आहेत. खडकातलं फ्लोराइड खोल बोअरच्या पाण्यात उतरतं. साधारण आठ वर्षांच्या आत, दात हिरडीखाली घडत असताना ते पोटात गेलं की डाग कायमचे. घासून जात नाहीत. डावी-उजवीकडच्या जोडीच्या दातांवर ते बहुधा सारखेच दिसतात. दहाव्या वर्षी बाहेरगावाहून आलेल्या मुलाचे दात मात्र चांगले असतात. हे वर्गात बसूनही कळू शकलं असतं. वर्षानुवर्षं असं पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसांची हाडं-सांधेही धरतात, आणि आपण ते वयावर ढकलतो.

आपली मुलं पर्यावरण प्रकल्पात काय लिहितात? दिल्लीचा धूर, ओझोनचा थर. नववी-दहावीला जलसुरक्षा विषयही आहे. पण शाळेच्या पंपाचा तपासणी अहवाल मागितलाय कुणी? (मी तरी मागितला नव्हता.)

ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालंय, म्हणून निर्धास्त राहू नका. ते कार्ड मुख्यतः स्रोताभोवतीची स्वच्छता बघून देतात. रासायनिक तपासणीचा आकडा वेगळा मागा. फ्लोराइड लिटरला १ मिलीग्रॅमच्या आत हवं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. बऱ्याच गावांत जलजीवन मिशनचं तपासणी किट आलेलं आहे, महिलांना प्रशिक्षणही दिलंय. त्या ताईंना वर्गात बोलवा. मुलांसमोर रंग तक्त्याशी जुळवू द्या. शंका आली तर पंप थोडा वेळ चालवून प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरा, ठिकाण-तारीख लिहा आणि प्रयोगशाळेत पाठवा.

पालकांनी एक लक्षात ठेवावं, पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. कँडलचा फिल्टरही कामाचा नाही. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वेगळ्या स्रोताचं आणणं हाच सोपा मार्ग. उथळ विहिरीत बहुधा फ्लोराइड कमी असतं, पण जंतूंचा धोका जास्त, तेव्हा तीही तपासून आणि क्लोरिन टाकूनच.

आमच्या पंपावर आम्ही लाल रंगात "पिण्यासाठी नाही" असं लिहिलं. अक्षर त्याच तोंडावर हात धरणाऱ्या मुलाचं आहे.