मतभेदाची सनद

दीपावलीच्या मंगल पर्वावर वाचकांच्या हाती हा अंक ठेवताना, सणाच्या प्रसन्नतेशी वरकरणी ज्याचे काही नाते दिसत नाही असा विषय संपादकीयासाठी निवडणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या समाजाने १९०९ साली निघालेल्या 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापासून सणाच्या फराळाबरोबर विचारांचाही फराळ मांडण्याची प्रथा मोठ्या ममत्वाने जोपासली, त्या समाजाने आपल्या विद्यापीठांत नवे ज्ञान कोणत्या परिस्थितीत निर्माण होते याची वर्षाकाठी एकदा तरी विचारपूस करावी, हे आम्हांला अगत्याचे वाटते. म्हणूनच यंदाच्या परिसंवादासाठी आम्ही पीएच.डी.चे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांचे परस्परांवरील हक्क व परस्परांविषयीची कर्तव्ये हा विषय योजिला आहे.

हा संबंध कसा असावा याचा वस्तुपाठ एका मराठी माणसाच्या ग्रंथातच सापडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. चलनाच्या ज्या पद्धतीवर बाबासाहेबांनी प्रखर टीका केली, तिच्याविषयी कॅनन यांचे मत निराळे होते. ते त्यांनी प्रस्तावनेत आडपडदा न ठेवता नमूद केले, विद्यार्थ्याचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत असे बजावले, आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची, तसेच त्याच्या व्यावहारिक निष्कर्षाच्या ग्राह्यतेची कबुली दिली. इकडे विद्यार्थ्याने आपल्या मनोगतात लिहिले, की या मतांची जबाबदारी कॅनन यांच्यावर मुळीच नाही, परंतु त्यांनी केलेल्या कठोर छाननीमुळे आपण अनेक प्रमादांतून वाचलो. वसाहतीतून आलेला एक विद्यार्थी साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या चलननीतीवर लिहितो आणि त्याचा गोरा प्राध्यापक त्याच्याशी असहमत राहूनही त्याच्या ग्रंथाला आपले नाव देतो, हा प्रसंग आमच्या मते या विषयावरील सर्व नियमावल्यांचे सार आहे. छाननी कठोर, मतस्वातंत्र्य पूर्ण आणि उत्तरदायित्व ज्याचे त्याच्याकडे, एवढ्या तीन गोष्टी उभयतांनी पाळल्या.

याच्या उलट अनुभव त्यानंतर थोड्याच वर्षांत इरावतीबाई कर्व्यांना बर्लिनमध्ये आला. मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. युरोपीय वंशांत ही विषमता अधिक असते आणि तिचा त्यांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठत्वाशी संबंध आहे, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे अनुमान होते. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली आणि वंशाचा या विषमतेशी काही संबंध आढळत नाही असा निष्कर्ष, तो गुरूला रुचणार नाही हे जाणूनही, प्रबंधात लिहिला. पदवी मिळाली, गुण मात्र फिशर यांनी हात आखडूनच दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परक्या देशात, परक्या भाषेत एका पंचविशीतल्या मराठी तरुणीने दाखवलेले हे धैर्य वंदनीय आहे. परंतु प्रत्येक विद्यार्थ्याच्या ठायी इरावतीबाईंचे धैर्य असेल असे गृहीत धरून कोणतीही शिक्षणव्यवस्था उभारता येत नाही. सामान्य धैर्याच्या माणसालाही खरे लिहिता यावे, याचीच तजवीज व्यवस्थेने करावयाची असते.

प्रबंध म्हणजे अखेर एक नवे विधान आणि त्याच्या समर्थनार्थ उभा केलेला पुरावा. ज्याला आपल्या मार्गदर्शकापेक्षा निराळे विधान करण्याची मुभा नाही, त्याने पाचशे पृष्ठे लिहिली तरी तो प्रबंध लिहीत नसून फार तर नक्कल करीत असतो. म्हणून विद्यार्थ्याच्या हक्कांची यादी कितीही लांबली तरी त्या सर्वांचे मूळ मतभेदाच्या एका हक्कात आहे, आणि बाकीचे हक्क त्या एकाच्या रक्षणासाठी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या दृष्टीने पाहता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांतील रुक्ष कलमेही अर्थपूर्ण वाटू लागतात. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार याहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत, ही मर्यादा एवढ्यासाठी की कच्चे प्रकरण वाचून त्याच्याशी भांडण्याइतकी फुरसत मार्गदर्शकाला मिळावी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्याने नवा विद्यार्थी पत्करू नये, हा निर्बंध विद्यार्थी मध्येच पोरका होऊ नये म्हणून आहे. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीने मिळणारी आणखी दोन वर्षे, स्त्रियांना व दिव्यांगांना त्याहून दोन वर्षांची सवलत, दोनशे चाळीस दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा, आणि विवाहादी कारणाने स्थलांतर करावे लागलेल्या विद्यार्थिनीला आपली संशोधनसामग्री नव्या विद्यापीठात नेण्याची परवानगी, या तरतुदी कोणाची मेहेरबानी नसून हक्क आहेत. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्या प्रवेशाच्या दिवशीच वाचून ठेवाव्यात.

परंतु कलम आणि व्यवहार यांच्यामध्ये एक सही असते. सहामाही प्रगती अहवालाचा तो साधा दुपानी कागद पाहा: वर विद्यार्थ्याचे नाव, नोंदणीची तारीख, विषय, मध्ये केलेल्या कामाचा तपशील, आणि खाली 'मार्गदर्शकाची शिफारस' या शब्दांपुढे सोडलेली बोटभर रिकामी जागा. त्या जागेवर सही पडली नाही तर अहवाल समितीपुढे जात नाही, अधिछात्रवृत्तीचा हप्ता अडतो आणि घरभाडे थकते. गाईड आज येतील, उद्या येतील म्हणून विभागाच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलेली मुले-मुली आपल्याकडील कोणत्याही विद्यापीठात दिसतील. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, त्याने त्या दुसऱ्याशी निर्भयपणे वाद घालावा ही अपेक्षा कठोर आहे. यातूनच मग बाजारहाट, मुलांच्या शिकवण्या, उत्तरपत्रिकांची तपासणी अशी संशोधनाशी काडीचाही संबंध नसलेली कामे निमूटपणे केली जातात. मौखिक परीक्षेच्या दिवशी परीक्षकांच्या जेवणाचा, निवासाचा आणि शालींचा खर्च उमेदवाराने करावा हा अलिखित दंडक पाळला जातो. आणि ज्या लेखात मार्गदर्शकाचा वैचारिक वाटा नाही, त्यावरही त्याचे नाव आपोआप चढते.

शासनाचाही यात वाटा आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली, हे योग्यच झाले. परंतु राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांना संशोधन बाजूला ठेवून आंदोलनाचा मार्ग धरावा लागतो आणि आझाद मैदानात दिवसचे दिवस धरणे धरून बसावे लागते, ही बाब महाराष्ट्राला भूषणावह नाही. ज्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी प्रबंध लिहीत आहे, त्यांचे एक वर्ष वाया जाणे म्हणजे एका कुटुंबाची आशा वाया जाणे होय.

हक्कांविषयी इतक्या आग्रहाने लिहिल्यावर कर्तव्यांविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पैसे मोजून प्रबंध लिहून घेण्याचा धंदा आपल्याकडे राजरोस चालतो आणि त्याचे गिऱ्हाईक विद्यार्थीच असतात. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी साम्य दहा टक्क्यांच्या आत असल्यास ते दंडनीय मानले नाही आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द करण्याची शिक्षा सांगितली. परंतु यंत्राच्या दाखल्यात नऊ टक्के दिसले म्हणून प्रबंध प्रामाणिक ठरत नाही. न वाचलेल्या ग्रंथाचा संदर्भ देणे, न घेतलेल्या मुलाखतीचे उतारे रचणे, गैरसोयीची आकडेवारी गाळणे हे अपराध कोणत्याही यंत्राला दिसत नाहीत. ते फक्त लिहिणाराच टाळू शकतो. ज्याला मतभेदाचा हक्क हवा, त्याने आपल्या प्रत्येक ओळीचा जाब देण्याची तयारी ठेविली पाहिजे.

त्याचप्रमाणे मार्गदर्शकाचेही हक्क आहेत आणि त्यांचा उच्चार आपण फार क्वचित करतो. कच्च्या प्रबंधाला 'अजून झाला नाही' असे सांगण्याचा, मूळ नोंदी तपासायला मागण्याचा, दोन वर्षे तोंड न दाखविता अखेरच्या आठवड्यात सहीसाठी तगादा लावणाऱ्याला नकार देण्याचा हक्क त्याला निःसंशय आहे. शेकडो उत्तरपत्रिका, मूल्यांकनाची दप्तरे आणि समित्यांच्या बैठका यांतून वेळ काढून रात्री विद्यार्थ्याचे प्रकरण ओळीओळीने वाचणारे, समासात प्रश्न लिहिणारे, आपल्या कपाटातील दुर्मीळ ग्रंथ त्याच्या हाती ठेवणारे शिक्षक महाराष्ट्रात आजही आहेत. त्यांच्याच बळावर ही पदवी आपली प्रतिष्ठा टिकवून आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नोंदणीच्या दिवशीच विद्यार्थी व मार्गदर्शक यांनी भेटींचा क्रम, मसुदा परत देण्याची मुदत आणि लेखावरील नावांचा क्रम यांविषयी लेखी करार करून त्याची प्रत विद्यापीठात रुजू करावी. अधिछात्रवृत्तीचा हप्ता एकट्या मार्गदर्शकाच्या सहीवर अडू नये. सल्लागार समितीचा निर्णय पुरेसा मानावा. मार्गदर्शक बदलून मागणाऱ्याची तक्रार विभागाबाहेरील व्यक्तींनी ऐकावी आणि ठराविक मुदतीत तिचा निवाडा द्यावा. मौखिक परीक्षेचा सर्व खर्च विद्यापीठाने उचलावा. यांपैकी एकाही गोष्टीला नव्या इमारतीची किंवा कोट्यवधींच्या अनुदानाची गरज नाही. कुलगुरूंनी मनावर घेतले तर येत्या सत्रापासून ही व्यवस्था अमलात येऊ शकते.

परिसंवादात विद्यार्थी आणि मार्गदर्शक या दोन्ही बाजूंच्या लेखकांनी मोकळेपणाने लिहिले आहे, आणि त्यांतील काही मते प्रस्तुत संपादकीयाशी जुळणारी नाहीत; ती आम्ही काटछाट न करता छापली आहेत.  ज्या घरात यंदा कोणी प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत आहे, त्या घराला, आणि ज्या घरात ते प्रकरण वाचले जात आहे त्याही घराला, ही दिवाळी सुखाची जावो.