पत्रकारितेची पदवी आणि साडेसहा लाखांचा हिशेब

गेल्या आठवड्यात बीड जिल्ह्यातून एका मुलाचा फोन आला. ओळख नव्हती, माझे लेख वाचतो म्हणाला. बीए झालाय. अब्बा आठवडी बाजारात कपड्यांचं दुकान लावतात, दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात पत्रकारितेच्या एमएला नंबर लागलाय. दोन वर्षांची फी ५ लाख ८० हजार. “सर, घ्यावं का अ‍ॅडमिशन?”

मी विचारलं, तिथून बाहेर पडलेल्या मुलांना पगार किती मिळतो? म्हणाला, “ब्रोशरमध्ये शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलंय.”

पगाराचा आकडा ब्रोशरमध्ये नव्हता. तो कुठेच नसतो. ‘शंभर टक्के’मध्ये जनसंपर्क एजन्सी असते, इव्हेंट कंपनी असते, मोबाईलच्या जाहिरातींचा मजकूर लिहिणारी कंपनीही असते. बातमीदार किती झाले, हे विचारलं की समुपदेशक बाई दुसऱ्या कामात गुंततात. अमेरिकेत तिथल्या सरकारची ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची वेबसाईट आहे. कोणत्या कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं किती कमावतात आणि त्यांच्या डोक्यावर किती कर्ज असतं, ते तिथे पाहता येतं. आता विषयवारही पाहता येतं. आपल्याकडे मुलगा ब्रोशर बघतो आणि बाप मुलाच्या तोंडाकडे.

म्हणून मी त्याच्याबरोबर फोनवरच हिशेब मांडला. ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज बँका तारण न घेता देतात, पालक सहकर्जदार असतात. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं. निम्मं कर्ज पहिल्या वर्षी उचललं, निम्मं दुसऱ्या वर्षी आणि व्याज ११ टक्के धरलं, तर पहिला हप्ता भरायच्या आधीच ४ लाखांचे ५ लाख १० हजार झालेले असतात. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला ११ हजार. एकूण साडेसहा लाखांच्या वर. फीचे उरलेले १ लाख ८० हजार आणि पुण्यातला दोन वर्षांचा खर्च वेगळाच.

आता पगार. माझ्या ओळखीतली जी मुलं अलीकडे मराठी दैनिकांत किंवा पोर्टलवर लागली, त्यांची सुरुवात १२ ते १८ हजारांत झाली. १५ धरू. हप्ता गेल्यावर उरले ४ हजार. एवढ्यात पुण्यात कॉट मिळते किंवा मेस लागते. दोन्ही जमत नाही.

हा पगार इतका कमी का, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ सालीच वेगळा कायदा झाला होता. मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर २०११मध्ये अधिसूचित केल्या, मालक कोर्टात गेले आणि ७ फेब्रुवारी २०१४ला सुप्रीम कोर्टाने त्या वैध ठरवल्या. त्यानंतर अनेक ठिकाणी लोकांकडून ‘आम्ही आहे त्या पगारात खूश आहोत’ अशा अर्थाच्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. शिफारशींतलं २०(जे) कलम त्यासाठी वापरलं गेलं. नवी भरती कंत्राटावर. तालुक्याच्या वार्ताहराचं तर बोलूच नका. त्याला मानधन नावापुरतं मिळतं. वर्धापनदिनाच्या पुरवणीला आणि दिवाळीला त्याने जाहिराती आणायच्या, त्यावर कमिशन. ज्या आमदाराकडून जाहिरात आणली, त्याच्या विरोधात बातमी कशी लिहायची, हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

मुलगा मध्येच म्हणाला, “पण सर, अब्बा बँकेचं कर्ज घेणारच नाहीत. सूद नको म्हणतात. अम्मीचं सोनं आहे, आणि मामू दोन लाख देतो म्हणालेत.”

इथे मी जरा थांबलो. आपल्या घरांतलं कर्ज हे असं असतं. कुठल्याही आकडेवारीत येत नाही. व्याज नाही, हप्ता नाही, नोटीस येत नाही. पण मामूच्या मुलीचं लग्न ठरतं त्या दिवशी ते एकदम सगळं समोर येतं. बँकेला निदान मुदत वाढवून मागता येते. मामूला काय सांगणार? अब्बांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझ्याही घरात हेच चालायचं. फक्त ‘बिनव्याजी’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे, एवढं पोराला कळायला हवं. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं कमी व्याजाचं शैक्षणिक कर्जही आहे. तिथेही व्याज आहेच, शिवाय जामीनदार शोधा आणि कागदपत्रांच्या चकरा मारा. तरी चौकशी करावी.

माझं स्वतःचं सांगतो. मी सरकारी विद्यापीठातून पत्रकारिता केली, फी हजारांत होती. डोक्यावर कर्ज नव्हतं, म्हणून पहिल्या नोकरीत सात हजारांवर तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांत जिल्हा परिषदेची फाईल वाचायला शिकलो, पोलीस ठाण्यात उभं राहायला शिकलो. माझ्याबरोबर लागलेले दोघे माझ्यापेक्षा चांगलं लिहायचे. एकाच्या घरी कर्ज होतं, तो दहाव्या महिन्यात एका बिल्डरच्या प्रसिद्धी विभागात गेला. दुसरी सातारकडची मुलगी. तिने बँकिंगची परीक्षा दिली. त्यांना मी दोष देत नाही. न्यूजरूममध्ये हुशार टिकतात असं म्हणतात. मी पाहिलं ते असं की ज्यांच्या घरून डबा आणि भाडं येतं, ते टिकतात.

मराठी पेपरात बातमीखाली मुस्लिम नाव क्वचित दिसतं, याबद्दल आपण दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, हळहळतो. मोमीनपुऱ्यातली बातमी मोमीनपुऱ्यात कधीच न गेलेला माणूस लिहितो, ही तक्रार खरी आहे. भेदभाव आहे, तो मी भोगलाय. पण जे आत शिरले ते दोन वर्षांत बाहेर का पडले, हेही विचारायला हवं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत उत्तर संपादकाकडे नसतं, घरच्या देण्यात असतं.

आपल्या जमातीचे ट्रस्ट, बैतुलमाल, परदेशी गेलेली मंडळी शिष्यवृत्त्या देतात. बहुतेक डॉक्टरकी-इंजिनिअरिंगला, आणि त्याही फीसाठी. पत्रकारितेला द्यायची झाली तर फीसाठी देऊ नये, असं माझं मत आहे. त्याने खासगी विद्यापीठाचं भलं होतं. पदवी स्वस्तात मिळते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरच्या आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत विभाग आहेत. मदत लागते ती पदवीनंतर. नोकरी लागलेल्या पोराला किंवा पोरीला पहिली दोन वर्षं महिन्याला पाच-सहा हजार मिळाले, तर दोन वर्षांचे होतात सव्वा ते दीड लाख. म्हणजे त्या एका फीच्या रकमेत चार जण उभे राहतात. जकात इथे लागू होते की नाही ते उलेमा सांगतील. सदका आणि कर्जे-हसना यांचे रस्ते तर मोकळे आहेत.

काही जण म्हणतील, महागड्या संस्थेत कॅमेरे असतात, स्टुडिओ असतो, ओळखी होतात. खरं आहे. इंग्रजी चॅनलमध्ये जायचं असेल, घरची परिस्थिती बरी असेल, तर जा. पण आठवडी बाजारातल्या दुकानावर तो स्टुडिओ उभा करू नये.

मुलाला मी एवढंच सांगितलं की सरकारी विभागांच्या प्रवेश परीक्षांचे फॉर्म भर, आणि नंबर लागेपर्यंत तालुक्यातल्या बाजार समितीवर एक लेख लिहून मला पाठव. सोनं मोडू नकोस. तो जरा नाराज झाला. खासगी विद्यापीठाची जागा राखायला ५० हजार भरायची शेवटची तारीख शुक्रवार होती. भरले की नाही, त्याने अजून कळवलेलं नाही. बाजार समितीवरचा लेख मात्र काल रात्री आला. तोलाईचे दर त्याने तीन आडत्यांकडून ताडून घेतलेत.