हौशीपणाचा बाजारभाव

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रात १ जुलै २०२५ पासून नवे पर्व सुरू झाले. तोवर प्रामुख्याने शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठे आपल्या उत्पन्नातील वाटा थेट देऊ लागली. न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार सहभागी होणाऱ्या प्रत्येक विद्यापीठास २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरची मर्यादा घालून देण्यात आली, आणि पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई देण्याचे ठरले. या परिवर्तनाचे श्रेय सामान्यतः न्यायालयांना दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. हौशीपणाच्या तत्त्वाला पहिला तडा विद्यापीठांच्या स्वतःच्या जाहिरातीने पाडला होता, हे बास्केटबॉलच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यातील व्यायामासाठी हा खेळ तयार केला. त्याचे अर्थकारण फुटबॉलहून निराळे आहे. मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात. त्यामुळे एक-दोन असामान्य मुले मिळाली तरी एखाद्या लहान संस्थेचे दैव उघडते. स्पोकेन येथील गोन्झागा हे जेझुइट पंथीयांचे लहानसे विद्यापीठ १९९९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले, आणि पुढे २०१७ व २०२१ मध्ये अंतिम सामना खेळले. एरवी दूरच्या राज्यांत फारसे कोणी घेतले नसते असे नाव त्यामुळे घरोघरी गेले. डेव्हिन पोप व जॅरेन पोप या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, क्रीडायशामुळे प्रवेश-अर्जांत २ ते ८ टक्के वाढ होते असा निष्कर्ष काढला होता. विजय ही विद्यापीठाची जाहिरात ठरते ती अशी.

ही जाहिरात पूर्वी संस्थेच्या मालकीची होती. मेरीलँड विद्यापीठाचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रीझेल यांनी १९७१ मध्ये सरावाच्या पहिल्याच दिवशी ऐन मध्यरात्री संघाला धावावयास लावले, आणि त्यातून मोसमारंभाच्या जाहीर जलशांची प्रथा पडली. दूरचित्रवाणीचे हक्कही संस्थांच्या वतीनेच विकले जात. एनसीएए या नियामक संघटनेने २०१० मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी १४ वर्षांचा १,०८० कोटी डॉलरचा करार केला. खेळाडू बदलत, गणवेश तोच राही, आणि प्रेक्षक गणवेशाचा असे.

समाजमाध्यमांनी हा हिशेब उलटा केला. नियम करणाऱ्यांची त्यात झालेली त्रेधा उद्बोधक आहे. होतकरू खेळाडूंना प्रशिक्षकांनी दूरध्वनीवरून लेखी संदेश पाठवू नयेत, अशी बंदी २००७ मध्ये आली. पुरुषांच्या बास्केटबॉलपुरती ती २०१२ मध्ये उठली. २०१६ पासून प्रशिक्षकाने होतकरू मुलाच्या मजकुरावर पसंतीची खूण करावी, पण स्वतःचा एक शब्दही लिहू नये, असा सूक्ष्म भेद करण्यात आला. दरम्यान विद्यापीठांत छायाचित्रकार, चित्रफीतकार व आरेखनकार यांचे स्वतंत्र ताफे उभे राहिले. भेटीस आलेल्या शाळकरी मुलास संघाचा गणवेश चढवावयाचा, झगमगत्या प्रकाशात त्याची छबी टिपावयाची आणि ती त्याच्याच हाती द्यावयाची, की तो ती आपल्या अनुयायांत वाटतो. संस्थेस फुकट प्रसिद्धी मिळते. सामन्यानंतरची चित्रेही खेळाडूंच्या दूरध्वनीवर तत्परतेने पोहोचविली जाऊ लागली, कारण संस्थेच्या पानापेक्षा लोक खेळाडूचे पान अधिक आवडीने उघडतात.

परंतु अनुयायांची ही यादी खेळाडूच्या नावावर असते, आणि तो गेला की त्याच्याबरोबर जाते. विद्यापीठांनी आपल्या खर्चाने जे भांडवल निर्माण केले, त्याची मालकी श्रमिकाकडे गेली. २०१८ मध्ये संस्था बदलण्याची नोंदवही सुरू झाली. २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी एक वर्ष बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ मध्ये बदलांच्या संख्येवरचे बंधनही सुटले. १ जुलै २०२१ रोजी स्वतःचे नाव व प्रतिमा यांवर पैसे मिळविण्याची मुभा मिळताच पहिल्याच दिवशी जाहिरातीचे करार करणाऱ्यांत फ्रेझ्नो येथील हेली व हॅना कॅव्हिंडर या जुळ्या भगिनी होत्या. समाजमाध्यमांवर त्यांचे लक्षावधी चाहते होते. पुढच्याच वर्षी त्या मायामी विद्यापीठात गेल्या, आणि त्या भरतीतील नियमभंगाबद्दल २०२३ मध्ये त्या संस्थेच्या महिला संघावर कारवाई झाली. २०२४ मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कचा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लक्ष प्रेक्षकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यास सुमारे १ कोटी ४८ लक्ष प्रेक्षक लाभले. प्रेक्षक कोणाचा, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर नको.

खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळू लागला, हे न्याय्यच झाले. प्रश्न उरतो तो खर्चाचा. वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागा मोजक्याच. एकाने चित्रफितींवर खर्च वाढविला की दुसऱ्यालाही तो वाढवावा लागतो. जागा मात्र तेवढ्याच राहतात. सर्वांनी टाचा उंचावल्या म्हणून कोणालाच अधिक दिसत नाही, अशी ही स्पर्धा आहे. लहान संस्थांनी घडविलेला खेळाडू मोठ्या संस्था उचलून नेतात, आणि अनेक सार्वजनिक विद्यापीठांत तुटीचा भार प्रत्येक विद्यार्थ्याकडून सक्तीने घेतल्या जाणाऱ्या क्रीडाशुल्कावर पडतो. पुण्या-नागपुराहून कर्ज काढून तिकडे गेलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी एकही सामना न पाहता या जाहिरातीचा वर्गणीदार झालेला असतो.

एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्याच कारकिर्दीत ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा रूढ झाली, आणि निवृत्तीनंतर १९९५ मध्ये त्यांनीच या व्यवस्थेवर टीकेचे पुस्तक लिहिले. आता त्या संज्ञेचा आडोसा राहिलेला नाही. खेळ हा विद्यापीठाचा व्यवसाय असेल, तर व्यवसायाचा नियम त्यालाही लागू झाला पाहिजे: खेळाडूंचा वाटा किती, प्रसिद्धीचा खर्च किती, आणि त्यांतील कोणता रुपया-डॉलर शुल्काच्या पावतीतून आला, याचा ताळेबंद दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे ठेवणे. खेळाडूला आपला भाव कळला. शुल्क भरणाऱ्यालाही तो कळावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.