तलाव गावात, जीवशास्त्र पुस्तकात!

नागपूर-भंडारा महामार्गावरील शहापूर असो वा तलावांच्या या जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव. बारावीच्या हुशार मुलाचे सारे चित्त ‘नीट’ परीक्षेकडे लागलेले असते. तिच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. साहजिकच माशाच्या कल्ल्यांची रचना त्याला मुखोद्गत असते. पण गावच्या तलावातील मरळ कोणता आणि मांगूर कोणता, हे विचारले की तो गोंधळतो. हा दोष मुलाचा नव्हे, आपल्या शिक्षणदृष्टीचा आहे.

जीवशास्त्र कसे शिकवावे, यावर जगभर गंभीर संशोधन होत आहे. विद्यार्थ्याने किती पाठ केले, एवढेच न मोजता तो मनात कोणत्या समजुती घेऊन वर्गात येतो, हे आता अभ्यासले जाते. जे हलते तेच सजीव, ही बालसमजूत पियाजे यांनी पूर्वीच नोंदवली होती. वाँडर्सी आणि शुस्लर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९९ साली ‘वनस्पती-अंधत्वा’कडे लक्ष वेधले. प्राणी चटकन नजरेत भरतो, वनस्पती मात्र डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, असा त्याचा आशय.

हे केवळ परदेशी चिंतन नव्हे. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी भाषेचा अडसर हा विज्ञान शिक्षणातील मोठा अडथळा असल्याचे दाखवून दिले. मुलाची बुद्धी कमी पडत नाही. पुस्तकाची बोजड भाषा आड येते.

भंडाऱ्यात याचे प्रत्यंतर पाहावे. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले मामा तलाव म्हणजे जिवंत प्रयोगशाळाच! ढिवर बांधवांना कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीच्या आश्रयाने वाढतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच ज्ञानाच्या आधारे तलावांतील बेशरम काढून देशी वनस्पती लावण्याचे काम उभे केले. ज्याला आपण अशिक्षित म्हणतो, तो परिसंस्थेचा जाणता आहे.

आता थोडे आत्मपरीक्षण. प्राचीन भारतीय विज्ञानाचा गौरव आपण व्यासपीठावरून करतो. मातृभाषेतील शिक्षणावर भर देणाऱ्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे स्वागतही करतो. मात्र स्वतःची मुले इंग्रजी शाळेत धाडतो आणि ढिवराच्या ज्ञानाला ज्ञान मानत नाही. मेकॉलेला दोष देणे सोपे आहे. तो आपल्याच मनात वस्तीला आहे, हे मान्य करणे कठीण.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. ती कपाटात न ठेवता शाळेत आणावी. आठवड्यातील एक तास तलावाकाठी भरावा, ढिवर आजोबांना सन्मानाने शिक्षक म्हणून बोलवावे आणि मुलांनी मासे व वनस्पतींची स्थानिक नावे शास्त्रीय नावांशेजारी लिहावीत. यासाठी शासनादेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील चार कार्यकर्ते आणि एक तळमळीचा शिक्षक पुरेसे आहेत. ती जाणती पिढी थकत चालली आहे. तिच्यासोबत ही नावे लोपली, तर उद्या स्वत्वाच्या गोष्टी आपण कोणत्या तोंडाने सांगणार?